घडाचा रिपोर्ट क्लिअर

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पेस्टिंगची, म्हणजे काडीच्या डोळ्यांना औषध लावण्याची, गडबड उडते. काडी छाटल्यावर एक-दोन दिवसांत डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लागलं पाहिजे, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात आणि पुढची विरळणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), फवारणी सगळी कामं एका वेळापत्रकात बसतात. बाटलीतलं औषध ५० टक्के तीव्रतेचं असतं. लिटरभर पाण्यात ते ३० ते ४० मिली घालतात; काडी जाड असली, थंडी लवकर पडली तर हात जरा सैल सुटतो. स्पंजाचा तुकडा नाहीतर कापडाचा बोळा त्यात बुडवायचा आणि एकेका काडीवरून फिरवत जायचं. हे काम बहुतेक वेळा रोजंदारीवर आलेली टोळी करते. वाय पद्धतीच्या बागेत काडी खांद्याच्या उंचीला, मांडवात डोक्याच्या वर. हात वर असतो, बोळा पिळला जातो, आणि द्रावण मनगटावरून ओघळत कोपराकडे येतं.

हे औषध कातडीला भाजतं, डोळ्यात उडालं तर इजा गंभीर होते. पण त्याची खरी खोड वेगळीच आहे. दारू प्यायल्यावर शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि यकृतातलं एक एन्झाइम त्याचा निकाल लावतं. सायनामाइड नेमकं तेच एन्झाइम अडवून धरतं. दारू सोडवायला जी डायसल्फिरामची गोळी देतात, तिचंही काम याच वाटेनं चालतं. त्यामुळे दिवसभर पेस्टिंग करून संध्याकाळी कुणी थोडी जरी घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, दम लागतो, ओकाऱ्या होतात. घरचे म्हणतात जास्त झाली असेल. लेबलवर मद्य वर्ज्य असल्याचं लिहिलेलं असतं, कामाच्या दिवशीच काय, पुढचे काही दिवसही. पण लेबल असतं बाटलीवर आणि बाटली राहते शेडमध्ये. टोळीच्या हातात येते ती बादली.

हातमोजे दिले की प्रश्न मिटला असं वाटतं, तिथंही गोम आहे. एरवी फवारणीत बाही मोज्याच्या वर घ्यायची, म्हणजे अंगावरून ओघळलेलं मोज्यात उतरत नाही. पेस्टिंगमध्ये हात वर असतो म्हणून उलट करावं लागतं. मोजा बाहीच्या वर ओढायचा आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडायची, म्हणजे ओघळ त्या दुमडीत अडकतो. कापडी मोजे तर चुकूनही नकोत. ते द्रावण पितात आणि दिवसभर कातडीला चिकटून बसतात. त्यापेक्षा उघडा हात दर अर्ध्या तासाला धुतलेला परवडला. मोजा नायट्राइलचा किंवा जाड रबराचा हवा, आणि काढण्याआधी बाहेरून धुवायला हवा. नाहीतर दुपारी जेवायला काढलेला मोजा पुन्हा घालताना आतली बाजू बाहेरच्या विषानं माखते आणि पुढचे चार तास हात त्यातच भिजत राहतो.

आता याच बागेतला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपला निघतो. प्लॉटची नोंदणी झालेली असते, फवारणीची वही भरलेली असते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे शेकडो रसायनांचे अवशेष तपासतात आणि रिपोर्ट क्लिअर येतो. त्यात सायनामाइडचा मागमूस नसतो, आणि नसणारच. ते लावलं होतं उघड्या काडीवर, घड जन्माला यायच्या आधी. युरोपियन संघानं या रसायनाला २००८ साली स्वतःच्या हद्दीत मान्यता नाकारली. वापरणाऱ्याच्या अंगाला असलेला धोका हा त्यातला मोठा मुद्दा होता. म्हणजे तिथल्या मजुरासाठी जो धोका मोजला गेला, तोच धोका पत्करून पिकवलेली द्राक्षं तिथल्या बंदरात निर्दोष ठरतात. यात लबाडी कुणाचीच नाही. अवशेषाचा नियम खाणाऱ्यासाठी केलेला आहे आणि तो आपलं काम चोख करतो. फक्त द्राक्ष सुरक्षित आहे एवढंच तो सांगतो. बाग सुरक्षित आहे की नाही हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

सुरक्षेच्या नियमांचा हिशोब मांडताना हीच बाजू वारंवार सुटते. एक धोका कमी केला की त्याच्या जागी दुसरा उभा राहू शकतो, आणि बऱ्याचदा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर पडतो. ‘आगीतून फुफाट्यात’ म्हणताना आगीतला आणि फुफाट्यातला माणूस एकच असतो. नियमांच्या बाबतीत आगीतून एक जण निघतो आणि फुफाट्यात भलताच सापडतो, म्हणून तर ते चटकन दिसत नाही.

द्राक्षाच्या बाबतीत हे किती गुंतागुंतीचं होतं ते बघण्यासारखं आहे. आधी २०१० घ्या. त्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत सीसीसीचे, अवशेष मर्यादेबाहेर सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले. बागायतदारांचं कंबरडं मोडलं. सीसीसी हे वाढ रोखणारं संजीवक, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर शेंडा आवरायला आणि काडीत घड धरायला वापरतात. महिन्यांपूर्वी दिलेलं औषध वेलीत टिकून फळापर्यंत येईल हे बागेत कुणाच्या हिशोबातच नव्हतं. पुढे तपासणी कडक झाली, वापर आवरला गेला, आणि त्याच्या जागी काय आलं? शेंडे खुडण्याची मजुरी वाढली, पाणी आणि नत्र तोलून देणं आलं. खर्च वाढला, पण कुणाच्या अंगाला नवा अपाय झाला नाही. फुफाटा निघालाच पाहिजे असा काही नियम नाही. दरवेळी बदली काय येते, ते पाहावं लागतं.

मॅन्कोझेबचं उदाहरण अधिक अवघड आहे. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगावरचं हे जुनं, स्वस्त औषध. बुरशीच्या पेशीत ते एकाच वेळी अनेक ठिकाणी मार करतं, म्हणून इतकी वर्षं वापरूनही बुरशी त्याला सरावली नाही. युरोपियन संघानं डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या मान्यतेचं नूतनीकरण नाकारलं. प्रजननावरचे आणि संप्रेरकांवरचे परिणाम हे कारण. कारण रास्त आहे. आपल्याकडच्या पाकिटावर मात्र त्रिकोणाच्या रंगावरून ते निरुपद्रवी वाटतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण फक्त तीव्र विषारीपणा सांगतात. लाल म्हणजे तोंडावाटे प्राणघातक मात्रा किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५,०००, त्यापुढे हिरवा. दहा हंगाम फवारल्यावर काय होईल, याचा या रंगांशी काही संबंध नाही.

पण मॅन्कोझेब गेलं की बागायतदार हात बांधून बसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस आणि सकाळचं दव असताना डाऊनी दोन दिवसांत घड खाते. मग भार येतो एकाच ठिकाणी मार करणाऱ्या आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत शिरणाऱ्या, औषधांवर. ती कमी मात्रेत चालतात, पण बुरशी त्यांना लवकर सरावते. ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटाचं डाऊनीच्या बाबतीत जगभर तेच झालं. औषध लागू पडेनासं झालं की फवारण्या वाढतात. त्यात युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्यांची स्वतःची अट असते, की एका नमुन्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त रसायनं सापडता कामा नयेत. ग्राहकाला हे ऐकायला बरं वाटतं. बागेत त्याचा अर्थ असा होतो की गट बदलून फवारायचं शास्त्र बाजूला ठेवा आणि मोजक्याच औषधांवर पुन्हा पुन्हा या. बुरशीला याहून सोयीचं काय असणार!

०.०१ हा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. ज्या रसायनासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. पुष्कळांना वाटतं की याच्या वर विष आणि याच्या खाली अमृत. प्रत्यक्षात हा आकडा साधारणपणे यंत्र खात्रीनं मोजू शकतं त्या टोकाशी बांधलेला आहे. ज्या रसायनांना स्वतंत्र मर्यादा आहेत, त्यांच्याही मर्यादा मुख्यतः शिफारशीप्रमाणे वापरल्यावर किती अवशेष उरतो त्यावरून ठरतात, आणि मग तो आरोग्याच्या दृष्टीनं चालण्याजोगा आहे ना ते तपासलं जातं. मर्यादेच्या दुप्पट अवशेष सापडला म्हणजे खाणाऱ्याचा धोका दुप्पट झाला, असं समीकरण बसत नाही. पण त्या आकड्याच्या भीतीनं फवारणाऱ्याच्या वाट्याला काय आलं, ते मात्र मोजता येतं, आणि ते कुणी मोजत नाही.

‘मग सेंद्रिय करा,’ असं शहरातून हमखास ऐकू येतं. सेंद्रिय द्राक्षबागेचा मुख्य आधार बोर्डो मिश्रण. १ टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि साधारण तेवढाच कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत विरघळवायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही, चुन्याची निवळी गाळून घ्यायची आणि ढवळत ढवळत एकत्र करायचं. जमलंय का हे बघायची जुनी रीत म्हणजे घासून चकचकीत केलेला विळा किंवा खिळा त्यात काही वेळ धरायचा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील, आणखी चुना घाला. विळा होता तसा निघाला तर मिश्रण तयार. केल्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी त्याचा कस जातो.

सगळं ठीक, पण तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. दरवर्षी पडलेलं तांबं मातीच्या वरच्या थरात साठत जातं, गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना जाचतं. म्हणूनच युरोपात तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी कमाल मर्यादा आहे. पुन्हा चुन्याची निवळी करताना डोळ्यात उडाली तर डोळा जायची पाळी येते. ‘रासायनिक नाही’ हा शिक्का बसला की या गोष्टी तागडीत घालायच्याच राहून जातात.

या विषयातला सगळ्यांत जुना धडा डीडीटीचा. डीडीटी पर्यावरणात वर्षानुवर्षं टिकतं, पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ करतं, पण फवारणाऱ्याला तिथल्या तिथे आडवं करत नाही. त्याच्या जागी आलेली मिथाइल पॅराथिऑनसारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं लवकर विघटित होतात, मात्र कातडीवाटे शिरूनही माणूस मारू शकतात. अमेरिकेनं जून १९७२ मध्ये डीडीटीवर बंदीचा आदेश काढला तेव्हा अंमल वर्षाअखेरपर्यंत लांबवला. मधल्या काळात शेतकऱ्यांना ही जास्त जहाल औषधं हाताळायचं शिक्षण देता यावं हे त्यामागचं एक कारण होतं. बंदी मागे घेतली नाही, पण बदलीच्या औषधाचा धोका आधी ओळखला आणि त्याची तजवीज केली. नियम करणाऱ्यानं शहाणपणानं वागायचं म्हणजे काय, तर एवढंच. सहा महिने.

आपल्याकडे २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर सुरक्षा किट वाटायची मोहीम निघाली. मास्क, गॉगल, हातमोजे, प्लास्टिकचा ॲप्रन. किट नको असं कोण म्हणेल? पण ते घालून बघावं. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं, आणि प्लास्टिकच्या आत घाम वाळत नाही. खरड छाटणीनंतर एप्रिल-मे महिन्यात सांगली जिल्ह्यात पारा ३८-४० वर असतो. अशा वेळी बंद ॲप्रनमध्ये तासभर ब्लोअरमागे किंवा एचटीपी पंपाची (जास्त दाबाच्या फवारणी पंपाची) गन धरून चाललं तर उष्माघाताची चिन्हं दिसायला लागतात. गॉगलवर वाफ धरते, म्हणून तो कपाळावर जातो. मास्क दमट होऊन श्वास कोंडतो, म्हणून तो गळ्यात येतो. वरून तापलेली, घामेजलेली कातडी विष अधिक भरभर शोषते. किट अर्धवट घातलं तर सुरक्षितपणाचा भास तेवढा पूर्ण मिळतो.

यावर उपाय किट रद्द करणं हा नाही. कुठल्या क्षणी कुठलं साधन लागतं ते ओळखणं हा आहे. लिटरला १ मिली मात्रेचं औषध असेल तर बाटलीतला १ मिली थेंब म्हणजे १ लिटर तयार द्रावण अंगावर सांडण्यासारखं. म्हणजे सर्वांत जास्त धोका झाकण उघडून माप भरण्याच्या दोन मिनिटांत असतो, आणि तिथेच लोक उघड्या हातानं काम करतात. त्या दोन मिनिटांपुरता गॉगल, जाड मोजे, ॲप्रन सगळं हवं, आणि एवढा वेळ उकाडा सहज सोसतो. पुढे फवारताना लांब बाह्यांचा घट्ट विणीचा सुती शर्ट, पूर्ण पँट, टोपी, हातमोजे, गमबूट. शर्ट भिजला की लगेच बदलायचा. भिजलेला सुती शर्ट अंगावर ठेवणं सर्वांत वाईट. वेळ पहाटेची किंवा ऊन उतरल्यानंतरची. वाऱ्याकडे पाठ करून चालायचं. आणि नॉझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, ज्यासाठी अजूनही लोकांचे हात धरावे लागतात.

पाण्याकडे वळलं तर हाच पेच आणखी स्पष्ट दिसतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालतात. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. १,००० लिटरला ५ ग्रॅम घातली तर लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून थोडा अधिक पडतो. पण पोतं दमट खोलीत तोंड उघडं टाकलेलं असेल तर क्लोरीन उडून जातो, टक्का २० वर आला की तेवढ्याच पावडरीत जेमतेम १ मिलिग्रॅम उरतो. पुराच्या गढूळ पाण्यात तो घाणीशीच झुंजण्यात संपतो. गढूळ पाण्यात क्लोरीन घातला की ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगं तयार होतात आणि दीर्घकाळाचा विचार करता ती चांगली नाहीत, हेही खरं. इथे तागडी कुठे झुकते याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत शंकेला जागा नाही. या संयुगांवर नियंत्रण ठेवण्याच्या नादात निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका, असं ती सांगतात. एक धोका वीस-तीस वर्षांनी कदाचित येणारा, दुसरा याच आठवड्यात गॅस्ट्रोच्या साथीच्या रूपानं दारात.

गंमत म्हणजे क्लोरीन आहे की नाही हे ज्या ओटी टेस्टनं बघतात, तिच्यातलं ऑर्थोटोलिडिन स्वतःच कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. नळीत पाणी, दोन-चार थेंब ओटी, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. अनेक देशांनी ती चाचणी सोडून डीपीडी घेतली, त्यात गुलाबी रंग येतो. आपणही बदलावं हे उघड आहे. पण आदेश आज निघाला, ओटीच्या बाटल्या जमा झाल्या आणि डीपीडीच्या गोळ्या तीन महिन्यांनी आल्या, तर मधले तीन महिने पाणी न तपासता नळाला जाईल. थेंबभर रसायन हाताळणाऱ्या एका पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा धोका वाचवताना गावाचा धोका वाढेल. त्यापेक्षा मोजे द्या, तपासलेलं पाणी पिंपात परत ओतू नका, आणि गोळ्या आल्या त्या दिवसापासून बाटल्या बंद करा.

पुराचं स्थलांतर तर सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले, सुरक्षित जागी जाताना. जपानमध्ये फुकुशिमा प्रांतात मार्च २०११ नंतर निर्वासित होण्याच्या हालांत, आजारी-म्हाताऱ्यांना घाईनं हलवताना आणि पुढच्या परवडीत जे गेले, त्यांची सरकारनं मान्य केलेली संख्या दोन हजारांवर आहे, भूकंप-त्सुनामीत त्या प्रांतात थेट गेलेल्यांहून जास्त. याचा अर्थ लोकांना घरातच बसू द्यावं असा काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. ४० फुटाला ट्रॅक्टरनं, दिवसाउजेडी, जनावरांसकट निघणं आणि ५० फुटाला अंधारात नावेनं निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलवण्याचा धोका वेळेवर अवलंबून असतो. आणि दरवर्षी विनाकारण हलवलं तर तिसऱ्या वर्षी कुणी हलत नाही, हाही धोकाच.

इथे सावध व्हायला हवं, कारण ‘नियमामुळे उलट अपाय होईल’ हा युक्तिवाद ज्यांना नियमच नको असतो त्यांचा फार लाडका आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९८९ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. १९९१ मध्ये एका अपील न्यायालयानं ती मोठ्या प्रमाणात रद्द केली. बदली वस्तूंचे धोके खात्यानं पुरेसे तोलले नाहीत, ॲस्बेस्टॉसविना ब्रेकनी अपघात वाढले तर काय, हा त्यातला एक आक्षेप होता. तत्त्व म्हणून प्रश्न योग्यच. पण ॲस्बेस्टॉसविना ब्रेक नंतर सगळीकडे आले आणि गाड्या थांबायच्या राहिल्या नाहीत. तिथे उरलेल्या क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी यायला मार्च २०२४ उजाडला. न घडलेल्या अपघातांच्या भीतीनं तीन दशकं गेली.

हेल्मेटचंही तेच. मान अवघडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, घाम येतो, केस गळतात. सांगलीत हेल्मेटसक्तीची नुसती चर्चा निघाली की ही यादी तयार असते. जगभरच्या अभ्यासांचा २००८ मधला कोक्रेन आढावा सांगतो की मोटारसायकलस्वाराला हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. मानेचा त्रास तागडीत जरूर घाला. काटा हलतो का बघा.

उलट उदाहरणही आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात मांडीवर न घेता वेगळी सुरक्षा-खुर्ची सक्तीची करावी, असा प्रस्ताव अमेरिकेत बरीच वर्षं होता. तिथल्या विमान खात्यानं २००५ मध्ये सक्ती न करण्याचा निर्णय घेतला. जादा तिकीट पडलं की काही कुटुंबं विमान सोडून मोटारीनं जातील, आणि रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा. खुर्ची चांगलीच आहे, वापरा, असं सांगितलं. सक्ती केली नाही. इथे दुसरा धोका मोजता येत होता, तो त्याच बाळावर येत होता, आणि पहिल्यापेक्षा मोठा होता. ॲस्बेस्टॉसच्या वेळी यातलं शेवटचं काही सिद्ध झालेलं नव्हतं. फरक तिथे आहे. दुसऱ्या धोक्याचा नुसता उच्चार पुरेसा नाही, तो पहिल्याइतक्याच कडक मापानं मोजलेला हवा. आणि मोजल्यावर तो खरा निघाला, तरी बहुतेक वेळा नियमाला ठिगळ लावून भागतं. नियम फाडायची वेळ क्वचित येते. मिलीबगवर (पिठ्या ढेकणावर) वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस भारतात २०२० च्या अखेरीस बंद झालं. खाणारा आणि फवारणारा, दोघांच्याही फायद्याचं असं ते काम होतं, आणि कुठल्याही ठिगळाची गरज पडली नाही.

पेस्टिंगला मात्र ठिगळ हवंच आहे, आणि ते स्वस्त आहे. बोळ्याऐवजी लांब दांड्याला बसवलेला स्पंज किंवा कमी दाबाचा, जाड थेंबांचा पंप, कोपरापर्यंतचे रबरी मोजे, गॉगल, साबण-पाण्याची वेगळी घागर, आणि दारूबद्दलची सूचना टोळीच्या मुकादमाला तोंडी, काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. निर्यातीच्या नोंदवहीत औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्व दिवस भरावेच लागतात. त्याच वहीत ‘लावणारे किती, मोजे दिले का, कुणाला त्रास झाला का’ असे तीन रकाने वाढवले तर शाई किती लागेल?

ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट औषधांपुरतं तर रक्तही तपासता येतं. ही औषधं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम दाबतात, आणि लक्षणं दिसायच्या आधी ते उतरलेलं कळतं. कॅलिफोर्नियात अशी औषधं नियमित हाताळणाऱ्यांची ही तपासणी १९७४ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. आधी किमान ३० दिवस अशा औषधांपासून दूर असताना प्रत्येकाची स्वतःची मूळ पातळी मोजतात, कारण ती माणसागणिक वेगळी असते. पुढे ती मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली आली की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतली ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातली ६० टक्क्यांवर उतरली की त्या माणसाला फवारणीवरून हटवतात, आणि पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत लावत नाहीत. सायनामाइड किंवा मॅन्कोझेबचा पत्ता या चाचणीत लागत नाही, तेवढी तिची मर्यादा. तरी मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव उशाला असताना ती इथे अवघड नाही. नमुना घ्यायची वेळही आयतीच मिळते: पावसाळा सरताना, छाटणीच्या आधी, टोळी ठरवायला मुकादम बागेत येतो तेव्हा.